विश्लेषण : बँकेत डॉलर आहेत, पण हातात येत नाहीत... लेबनॉनच्या पडझडीत परदेशी रहिवाशांचे काय झाले?

राजकीय भ्रष्टाचार आणि आर्थिक अस्थैर्य यांचा फटका देशातील नागरिकांना बसतो, हे उघड आहे. पण त्याच देशात नोकरी, व्यवसाय, घरकाम किंवा आसरा यांसाठी राहणाऱ्या परदेशी माणसाचे काय होते? त्याला मत देता येत नाही, त्याचा नेता नसतो आणि राहण्याचा परवाना दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून असतो. लेबनॉन हे याचे अलीकडच्या काळातील ठळक उदाहरण. २०१९ पासून या छोट्या देशाच्या चलनाने ९८ टक्क्यांहून अधिक मूल्य गमावले, बँकांतील ठेवी गोठल्या आणि राजधानीचे बंदर स्फोटात उद्ध्वस्त झाले. ‘मध्यपूर्वेतील स्वित्झर्लंड’ म्हणून ओळखला जाणारा देश इथवर कसा आला आणि तेथील परदेशी रहिवाशांनी ही वर्षे कशी काढली, याचा आढावा.

संकटाची सुरुवात कशी झाली?

१७ ऑक्टोबर २०१९ रोजी लेबनॉनच्या सरकारने व्हॉट्सअ‍ॅपवरून होणाऱ्या कॉलवर महिन्याला सहा डॉलर कर लावण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच संध्याकाळी बैरूतच्या रस्त्यांवर लोक उतरले. सरकारने प्रस्ताव तातडीने मागे घेतला, पण आंदोलन थांबले नाही. कारण राग सहा डॉलरचा नव्हता. वीज नाही, नोकऱ्या नाहीत, कचरा उचलला जात नाही आणि यादवी युद्धाच्या काळापासून तीच घराणी व तेच नेते सत्तेत, याचा तो साचलेला राग होता. २९ ऑक्टोबरला पंतप्रधान साद हरिरी यांनी राजीनामा दिला.

याच काळात बँका सुमारे दोन आठवडे बंद राहिल्या. त्या उघडल्या तेव्हा खातेदारांना धक्का बसला. आठवड्याला ठरावीक डॉलरच काढता येतील, परदेशी पैसे पाठवता येणार नाहीत, असे बँकांनी परस्पर ठरवून टाकले होते. त्यासाठी कोणताही कायदा झालेला नव्हता. त्यामुळे नियम बँकेगणिक, शाखेगणिक आणि खातेदाराच्या ओळखीगणिक बदलत होते. मार्च २०२० मध्ये सरकारने १.२ अब्ज डॉलरच्या रोख्यांची परतफेड थकवली. देशाच्या इतिहासातील ही पहिलीच थकबाकी.

याला ‘पॉन्झी’ व्यवहार का म्हटले गेले?

लेबनीज लिराचा दर १९९७ च्या अखेरीपासून डॉलरला सुमारे १५०७ असा बांधून ठेवलेला होता. दुकानात, टॅक्सीत, हॉटेलात दोन्ही चलने सर्रास चालत. हा दर टिकवायचा तर देशात सतत डॉलर येत राहणे आवश्यक होते. निर्यात तुटपुंजी असल्याने ते डॉलर येत परदेशस्थ लेबनीजांकडून, आखाती गुंतवणूकदारांकडून आणि ठेवीदारांकडून. बँका डॉलर ठेवींवर जगाच्या तुलनेत घसघशीत व्याज देत. ठेवीतून आलेले डॉलर त्या आणखी जास्त व्याजाने मध्यवर्ती बँकेकडे ठेवत किंवा सरकारला कर्जाऊ देत. मध्यवर्ती बँक ते लिराचा दर सांभाळण्यासाठी खर्च करी.

म्हणजे जुन्या ठेवीदाराचे व्याज नव्या ठेवीदाराच्या पैशातून दिले जात होते. २०१६ पासून मध्यवर्ती बँकेने ‘वित्तीय अभियांत्रिकी’ या गोंडस नावाखाली बँकांना भरघोस परतावा देऊन आणखी डॉलर ओढले. नवे डॉलर आटले तेव्हा डोलारा कोसळला. वित्तीय व्यवस्थेतील खड्डा ७० अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे सरकारी आकडेमोडीतून पुढे आले. जागतिक बँकेने २०२१ च्या अहवालात ही पडझड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या जगातील सर्वांत भीषण दहा आणि कदाचित पहिल्या तीन आर्थिक संकटांपैकी एक असल्याचे म्हटले.

भ्रष्टाचाराचा यात वाटा किती?

लेबनॉनमध्ये सत्तेची वाटणी धर्मपंथांनुसार होते. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, तर संसदेचा सभापती शिया असतो. १९४३ च्या अलिखित करारापासूनची ही प्रथा १९८९ च्या ताइफ करारानेही कायम राहिली. तिचा हेतू पंथांमध्ये समतोल राखण्याचा होता. प्रत्यक्षात खाती, कंत्राटे आणि सरकारी नोकऱ्याही पंथांच्या नेत्यांत वाटल्या जाऊ लागल्या. काम व्हायचे तर ‘वास्ता’ हवा. मराठीतील ‘वशिला’ या शब्दाचा अर्थ तोच.

सरकारी वीज कंपनी हे याचे बोलके उदाहरण. युद्ध संपून तीस वर्षे झाली तरी चोवीस तास वीज कधी आलीच नाही. तोटा भरून काढण्यासाठी सरकार वर्षानुवर्षे पैसे ओतत राहिले आणि सार्वजनिक कर्जाचा मोठा हिस्सा या एका खात्यामुळे तयार झाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी दोन मोठी वीज केंद्रे इंधनाअभावी बंद पडली आणि संपूर्ण देश अंधारात गेला. गल्लोगल्लीचे खासगी जनरेटरवाले मात्र राजकीय आशीर्वादाने भरभराटीला आले.

तीन दशके मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर राहिलेले रियाद सलामे जुलै २०२३ मध्ये पायउतार झाले. त्याआधीच फ्रान्सने त्यांच्याविरोधात अटक वॉरंट काढले होते. मध्यवर्ती बँकेच्या न्यायवैद्यक लेखापरीक्षणात २०१५ ते २०२० या काळात ११.१ कोटी डॉलरची बेकायदा कमिशने दिली गेल्याचे नोंदले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये बैरूतमध्ये त्यांना अटक झाली आणि वर्षभराने जामीन मिळाला. आपण कोणताही गैरव्यवहार केला नसल्याचे त्यांचे म्हणणे आहे. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार निर्देशांकात लेबनॉनला २०१९ मध्ये १०० पैकी २८ गुण होते, ते २०२४ मध्ये २२ वर आले.

एका डॉलरच्या किती किमती?

संकटानंतर लेबनॉनमध्ये डॉलरही दोन प्रकारचे झाले. परदेशातून नव्याने आलेला, रोख मिळणारा ‘फ्रेश डॉलर’ आणि २०१९ पूर्वीपासून बँकेत अडकलेला ‘लोलार’, म्हणजे ‘लेबनीज डॉलर’. लोलार पासबुकात डॉलर दिसे; पण काढायला गेल्यास बँक लिरा देई, तेही स्वतःच्या दराने.

हिशेब साधा आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात बँकांचा दर डॉलरला ३९०० लिरा होता, तर काळ्या बाजारात तो २० हजारांच्या आसपास पोहोचला होता. खात्यातून १०० डॉलर काढणाऱ्याला ३ लाख ९० हजार लिरा मिळत. त्याची बाजारातील किंमत २० डॉलरपेक्षाही कमी. म्हणजे उरलेल्या ८० डॉलरवर कोणताही कायदा न करता पाणी सोडावे लागले. पुढे सरकारी दर फेब्रुवारी २०२३ मध्ये १५ हजारांवर आणला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये काळ्या बाजाराने एक लाखाचा टप्पा ओलांडला आणि अखेर दर ८९ हजार ५०० वर स्थिरावला. ६ लाख ७५ हजार लिराचे जे किमान वेतन संकटापूर्वी सुमारे ४५० डॉलरच्या बरोबरीचे होते, त्याचे २०२२ मध्ये वीस-बावीस डॉलर उरले.

मुंबईकरांना याची पुसटशी कल्पना येऊ शकते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. फरक असा की, येथे एक बँक अडचणीत आली आणि बाकी यंत्रणा उभी होती. लेबनॉनमध्ये मध्यवर्ती बँकेसह सगळी यंत्रणाच बसली. तेथील ठेव विम्याची मर्यादा २०२० मध्ये साडेसात कोटी लिरांपर्यंत वाढवण्यात आली, मात्र आजच्या दराने ती रक्कम साडेआठशे डॉलरही भरत नाही.

परदेशी रहिवाशाची अडचण वेगळी कशी?

स्थानिक माणसाकडे संकटात काही आधार असतात. गावाकडचे घर, थोडी शेती, नातेवाईक, पंथाचा दवाखाना, नेत्याकडे शब्द टाकणारा ओळखीचा माणूस. ठेवी गोठल्यानंतरही वजनदार मंडळींचे अब्जावधी डॉलर देशाबाहेर गेल्याचे आरोप झाले ते याच ओळखींच्या बळावर. परदेशी माणसाकडे यातले काहीच नसते. त्याचा मुलाशी, आईवडिलांशी, गावाशी असलेला संबंध महिन्याकाठी पाठवल्या जाणाऱ्या पैशावर टिकलेला असतो आणि नेमका तोच मार्ग सर्वांत आधी बंद झाला.

नोकरदार परदेशी व्यक्तींपुढे तिहेरी पेच होता. पगार लिरामध्ये किंवा लोलारमध्ये आणि घरभाडे, जनरेटरचे बिल, मुलांची फी मात्र हळूहळू ‘फ्रेश’ डॉलरमध्ये मागितली जाऊ लागली. देश सोडायचा तर बचत मागे ठेवून जावे लागणार. थांबायचे तर परवान्यासाठी नोकरी टिकवणे भाग. काहींनी बँकेकडून धनादेश घेऊन तो बाजारात मूळ किमतीच्या अत्यल्प भावाला विकला आणि मिळेल ती रोकड घेऊन विमान गाठले. काहींनी लोलार देऊन घर, गाडी घेतली. स्थानिक उद्योजकांनीही तेच केले, पण परदेशी माणसाला मालमत्ता खरेदीवर निर्बंध होते.

घरकामगार महिलांवर काय वेळ आली?

सर्वांत मोठा घाव बसला तो घरकाम करणाऱ्या स्थलांतरित महिलांना. संकटापूर्वी त्यांची संख्या अडीच लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज होता. त्यात इथिओपिया, फिलिपिन्स, बांगलादेश, श्रीलंका या देशांतील महिला बहुसंख्य. त्या ‘कफाला’ पद्धतीने काम करतात. आखातात राहून आलेल्या कोकणातील अनेक घरांना ‘कफील’ हा शब्द परका नाही. कफील म्हणजे तो मालक, ज्याच्या नावावर कामगाराचा परवाना असतो. त्याच्या संमतीशिवाय काम सोडले की कामगार बेकायदा ठरतो. लेबनॉनच्या १९४६ च्या कामगार कायद्यातून घरकामगारांना वगळलेले असल्याने किमान वेतन, सुट्टी, कामाचे तास यांचे संरक्षण त्यांना नाही.

या महिलांचा पगार साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर ठरलेला असे. लिरा घसरू लागताच अनेक मालकांनी तो जुन्या सरकारी दराने लिरात द्यायला सुरुवात केली. २०० डॉलरचे तीन लाख लिरा हातात पडत, पण २०२० च्या उन्हाळ्यात बाजारात त्याचे चाळीस डॉलरही येत नव्हते. अनेकींना तेही मिळेना. जून २०२० मध्ये मालकांनी आपल्या इथिओपियन मोलकरणींना गाडीतून आणून बैरूतजवळच्या इथिओपियाच्या वकिलातीसमोर सोडून दिल्याची दृश्ये जगभर पोहोचली. बॅगा, गाद्या घेऊन त्या पदपथावर बसल्या होत्या. कित्येकींकडे पारपत्रही नव्हते, ते मालकाच्या कपाटात होते.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये कामगार मंत्रालयाने नवा नमुना करार आणला. त्यात कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि पारपत्र स्वतःकडे ठेवण्याचा हक्क होता. घरकामगार पुरवणाऱ्या एजन्सींच्या संघटनेने त्याविरोधात दाद मागितली आणि महिनाभरातच सर्वोच्च प्रशासकीय न्यायमंडळाने त्याला स्थगिती दिली.

बंदरातील स्फोटाने काय बदलले?

४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरातील गोदामात सुमारे २७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. २०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले, सहा हजारांहून अधिक जखमी झाले आणि सुमारे तीन लाख लोक बेघर झाले. मृतांमध्ये सीरियन, बांगलादेशी, फिलिपिनो कामगारही होते. २०१३ मध्ये एका जहाजातून आलेला हा साठा बंदरात पडून असल्याची माहिती अनेक अधिकाऱ्यांना होती. भ्रष्ट आणि बेपर्वा कारभाराची किंमत पैशांत नव्हे, तर जिवांत मोजावी लागते, हे या स्फोटाने दाखवले. चौकशी करणारे न्यायाधीश तारेक बितार यांच्या मार्गात वर्षानुवर्षे कायदेशीर व राजकीय अडथळे आणले गेले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी काम पुन्हा सुरू केले.

सगळ्याच परदेशी लोकांचे नुकसान झाले का?

नाही, आणि हा या संकटाचा विचित्र भाग आहे. ज्यांचा पगार परदेशातून रोख डॉलरमध्ये येत होता, त्यांच्यासाठी काही काळ बैरूत कमालीचे स्वस्त झाले. आंतरराष्ट्रीय संस्थांचे कर्मचारी, दूतावासातील अधिकारी, परदेशी कंपनीसाठी घरून काम करणारे यांचा त्यात समावेश. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा सल्लागार पूर्वीच्या निम्म्या खर्चात राहत होता, तर त्याच मजल्यावर साफसफाई करणाऱ्या बाईला घरी पाठवायला दहा डॉलर उरत नव्हते. पुढे बहुतेक किमती डॉलरमध्ये लागू लागल्या आणि ही स्वस्ताईही संपली.

दुसरे टोक निर्वासितांचे. लेबनॉनमध्ये सुमारे १५ लाख सीरियन निर्वासित असल्याचा सरकारचा अंदाज होता. लोकसंख्येच्या प्रमाणात हा आकडा जगात सर्वाधिक. पॅलेस्टिनी निर्वासित तर पिढ्यान्‌पिढ्या तेथे आहेत, तरीही अनेक व्यवसाय त्यांना बंद आहेत आणि २००१ च्या कायद्यानुसार ते घर विकत घेऊ शकत नाहीत. अर्थव्यवस्था कोसळली तशी परदेशी माणसाकडे बोट दाखवणे राजकारण्यांना सोपे झाले. ‘ब्रेड संपतो तो निर्वासितांमुळे’ अशी भाषा रूढ झाली आणि बँकांच्या तिजोऱ्या कोणी रिकाम्या केल्या, हा प्रश्न मागे पडला.

न्यायालयात दाद मागता आली का?

काहींना आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका ठेवीदाराला ४० लाख डॉलर देण्याचा आदेश दोन लेबनीज बँकांना दिला. पण त्यानंतर बँकांनी ब्रिटनमधील इतर ठेवीदारांची खाती धनादेश देऊन बंद करण्याचा किंवा दावा न करण्याची हमी लिहून घेण्याचा मार्ग धरला. लेबनॉनमधील न्यायालयांत निकाल क्वचित लागले आणि अंमलबजावणी त्याहून क्वचित झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये तर बहिणीच्या कर्करोगावरील उपचारांसाठी एका तरुणीने खेळण्यातील पिस्तूल दाखवून बँकेतून स्वतःचेच सुमारे १३ हजार डॉलर काढून नेले. तिच्यामागोमाग असे प्रकार वाढल्याने बँकांनी काही दिवस शाखाच बंद ठेवल्या. परदेशी नागरिकाला हा मार्ग सुचला तरी परवडणारा नव्हता, कारण पुढचे पाऊल थेट हद्दपारीचे असते.

भारतीयांची स्थिती काय?

लेबनॉनमधील भारतीयांची संख्या अलीकडच्या काळात तीन-चार हजारांच्या घरात राहिली आहे. बरेच जण कारखाने, बांधकाम आणि शेतीत काम करतात. दक्षिण लेबनॉनमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत १९९८ पासून भारतीय तुकडी आहे. या देशातून भारतीयांना बाहेर काढण्याचा अनुभव नौदलाला जुना आहे. २००६ च्या युद्धात ‘ऑपरेशन सुकून’मध्ये सुमारे २२८० जणांची सुटका झाली, त्यात १७०० हून अधिक भारतीय होते आणि ‘आयएनएस मुंबई’ ही विनाशिका त्या मोहिमेत होती. युद्धात असे जहाज पाठवता येते. बँकेत अडकलेल्या बचतीसाठी मात्र कोणतेही जहाज जात नाही.

यातून काय शिकावे, आणि पुढे काय?

परदेशी राहणाऱ्यासाठी काही खुणा लेबनॉनने दाखवून दिल्या. जगापेक्षा खूप जास्त व्याज मिळत असेल तर ते बक्षीस नसून जोखमीची किंमत असते. वर्षानुवर्षे न हलणारा विनिमय दर ताकदीचे लक्षण असतेच असे नाही. बँक ‘तांत्रिक कारणासाठी’ मर्यादा घालू लागली की खरा प्रश्न तरलतेचा असू शकतो. आणि करारात पगार कोणत्या चलनात, कोणत्या दराने, हे लिहिलेले नसेल तर घसरणीचा भार कामगारावरच येतो. अर्थात, ही सावधगिरी ज्याला निवड करता येते त्याच्यासाठी. पारपत्र मालकाच्या कपाटात असलेल्या बाईसाठी कायदाच बदलावा लागतो.

दोन वर्षांहून अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या राष्ट्राध्यक्षपदी जानेवारी २०२५ मध्ये जोसेफ औन निवडून आले आणि नवाफ सलाम पंतप्रधान झाले. बँकिंग गोपनीयता शिथिल करणारा आणि बँकांच्या पुनर्रचनेचा, असे दोन कायदे त्या वर्षी झाले. डिसेंबरअखेरीस मंत्रिमंडळाने तोटा वाटून घेण्याच्या कायद्याचा मसुदा मंजूर केला. एक लाख डॉलरपर्यंतच्या ठेवी चार वर्षांत परत करण्याचे आणि त्यावरील रकमेसाठी रोखे देण्याचे त्यात प्रस्तावित आहे. बँका आणि ठेवीदार या दोघांनीही त्यावर आक्षेप घेतले. दरम्यान २०२४ च्या इस्रायल-हेजबोला युद्धाने आणखी अब्जावधी डॉलरचे नुकसान केले. त्या युद्धातही काही मालक घराला कुलूप लावून आणि मोलकरणीला मागे ठेवून निघून गेले. तोटा कोणी किती सोसायचा याचे गणित आता कागदावर मांडले जात आहे. त्या कागदावर खातेदार आहेत, बँका आहेत, सरकार आहे. ज्यांची कमाई कधी खात्यात जमा झालीच नाही, त्यांच्या थकलेल्या पगाराचा रकाना त्यात नाही.